मेडिकेशन एडच्या कामाबद्दल विचारलंस म्हणून सविस्तर सांगते

तुझं डी.फार्म. झालंय, मेडिकलच्या काउंटरवर बसायची सवय आहे, नणंदेनं २००६ साली भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज आता नंबराला लागलाय, तर टेक्ससला येऊन नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथं म्हातारी-आजारी माणसं कायमची राहतात तिथं, मेडिकेशन एडचं, म्हणजे त्यांना वेळेवर औषधं द्यायचं काम जमेल का, आणि लेक आठवीत आहे तिचं काय, असं विचारलंयस. उद्या सुट्टी आहे म्हणून निवांत लिहितेय. खरं तर तुझा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातनं जाईना झालाय बघ, कारण मी पण डी.फार्म., मी पण सोलापुरात सात रस्त्याजवळच्या मेडिकलमध्ये उभी राहिलेली, आणि आमचाही अर्ज नणंदेचाच.

कोर्स किती तासांचा, फी किती, आधी सीएनए म्हणजे नर्सच्या हाताखालची सर्टिफाइड मदतनीस व्हावं लागतं वगैरे सगळं सरकारी साईटवर आहे, तिथंच बघ. मी फक्त एक सांगते की डी.फार्म.वर इथं फार्मासिस्ट होता येत नाही. बाहेरच्या देशात शिकून २००३ नंतर पास झालेल्यांना पाच वर्षांचा कोर्स लागतो, म्हणजे आपलं चार वर्षांचं बी.फार्म.सुद्धा चालत नाही. हे मनाशी पक्कं करूनच विमानात बस. "तिकडं गेल्यावर एखादी परीक्षा देऊ" असं म्हणत येणाऱ्या पुष्कळजणी मी पाहिल्यात, त्यांची पहिली दोन वर्षं नुसती चिडण्यात जातात.

आता काम. काउंटरवर आपण चिठ्ठी वाचतो, स्ट्रिप कापतो, पिशवीत घालून देतो, पुढं घरी पेशंटनं काय केलं ते कळत नाही. इथं गोळी माणसाच्या घशाखाली उतरेपर्यंत जबाबदारी तुझी. टेबलावर कप ठेवून "घ्या हं नंतर" म्हणून निघून यायचं नाही, आणि गिळलेलं बघितल्याशिवाय एमएआरवर, म्हणजे औषध दिल्याच्या नोंदीच्या तक्त्यावर, सही करायची नाही. योग्य माणूस, औषध, डोस, वेळ, मार्ग आणि नोंद हे सहा राइट्स कोर्समध्ये घोकून घेतात, पण त्याचा अर्थ औषधांची गाडी म्हणजे कार्ट ढकलायला लागल्यावर कळतो.

योग्य माणूस हेच घे. डिमेन्शिया असलेल्या आजोबांना "तुम्ही अमुक का?" विचारलं तर ते कुठल्याही नावाला हो म्हणतात, गोड हसून म्हणतात. म्हणून नाव आपण उच्चारायचं नाही, त्यांना सांगायला लावायचं, आणि ते सांगता येत नसेल तर एमएआरवरचा फोटो बघायचा, मनगटाचा पट्टा बघायचा. मी ज्यांना कित्येक महिने रोज बघतेय त्यांचासुद्धा फोटो बघते. लेबल तीनदा वाचायचं, गोळ्यांचं कार्ड ड्रॉवरमधून काढताना, गोळी कपात पाडायच्या आधी, आणि कार्ड परत ठेवताना. हायड्रालाझिन बीपीची आणि हायड्रॉक्सिझिन खाजेची नाहीतर घाबरेपणाची, नावं अशी की एका नजरेत चुकायला होतं, म्हणून ही जोडी इथल्या धोक्याच्या यादीतच आहे. तुला काउंटरमुळं नावं ओळखीची असतील, पण ओळखीमुळंच आपण अर्धं वाचून पुढं जातो, ती सवय तिथंच सोडून ये.

काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. टेक्ससमध्ये आपण इंजेक्शन देत नाही, डॉक्टरांची फोनवरची ऑर्डर घेत नाही, डोसचा हिशोब करत नाही, लागेल तेव्हा द्यायची गोळी नर्सला विचारल्याशिवाय देत नाही. गोळी कुटायचीसुद्धा नर्सच्या परवानगीनंच. एक्सएल, ईआर लिहिलेली, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी कुटून सफरचंदाच्या सॉसमध्ये घातली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. डिगॉक्सिन ह्या हृदयाच्या गोळीच्या आधी नाडी मोजायची, साठच्या खाली असली तर गोळी थांबवायची आणि नर्सला सांगायचं. हायड्रोकोडोन ह्या कडक वेदनाशामकाच्या कॉम्बिनेशन गोळीत ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून कुणी टायलेनॉल, म्हणजे तेच पॅरासिटामॉल, मागितली तर दिवसाची बेरीज कुठं गेली ते नर्सला बघायला लावायचं. शिफ्ट बदलताना कुलपातल्या नार्कोटिकच्या गोळ्या दोघींनी मिळून मोजायच्या, एक जण कार्ड बघणार, दुसरी वही. कितीही घाई असू दे, न मोजता किल्ली हातात घेऊ नकोस.

आणि नकार. रेसिडेंट म्हणजे तिथं राहणारा माणूस गोळीला नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. मला सगळ्यात जड हेच गेलं, कारण आपल्याकडं आजीनं तोंड फिरवलं की आपण लाडीगोडी लावतो, केळ्यात घालून देतो आणि त्याला माया म्हणतो. इथं न सांगता खाण्यात लपवून द्यायचं नाही. थोड्या वेळानं परत जाऊन विचारायचं, तरी नाही म्हटलं तर तशी नोंद करायची, नर्सला कळवायचं. हे बरोबर आहे असं आता मला मनापासून वाटतं.

जमेल का, तर तुला जमेल. इंग्रजीची भीती बाळगू नकोस, महिन्या-दोन महिन्यांत कानाला सवय होते.

कागदांचं मात्र आत्तापासून धर. माझं नाव दहावीच्या दाखल्यावर आणि डी.फार्म.च्या सर्टिफिकेटवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, जन्मदाखल्यावर तर नावच नाही, नुसतं "मुलगी". ते नाव घालून घ्यायला मी एका कार्यालयात उन्हाळाभर खेटे घातले, सोलापूरचं ऊन तुला सांगायला नको, आणि प्रत्येक वेळी खिडकीतला माणूस वेगळाच कागद मागायचा. इथं सीएनएच्या परीक्षेला ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. तुझं, नवऱ्याचं, लेकीचं स्पेलिंग आजच एका कागदावर लिहून काढ आणि सगळीकडं तेच लाव.

लेकीचं विचारलंस तिथं माझं लिहिणं जरा तिखट होईल. इथं नववी ते बारावी ही चार वर्षं धरतात आणि विषयवार क्रेडिट मोजतात. आमचा मुलगा दहावी बोर्डाला चांगले मार्क घेऊन आला, सेमी इंग्लिशचा, गणितात हुशार. शाळेच्या काउन्सेलरनी मार्कशीट उलटसुलट करून बघितली, नववीचं काही नाही म्हणाले आणि त्याला नववीत बसवलं. दोन वर्षं खाली. वर ईएसएलचा, म्हणजे इंग्रजी घरची भाषा नसलेल्यांचा इंग्रजीचा वर्ग, आणि गणित असं की त्यानं आठवीत केलेलं. मी नववीचं प्रगतिपत्रक सोलापूरच्या कपाटात ठेवून आले होते कारण बोर्डाच्या मार्कशीटपुढं त्याला कोण विचारतंय, आपल्याकडं कुणीच विचारत नाही. नंतर मागवलं, भाषांतर करून दिलं, तोवर वर्ष निघून गेलं होतं. तो आता कॉलेजात आहे, म्हणतो "आई, सोड ना आता." मला सुटत नाही. डब्यातली शेंगाचटणी-पोळी तशीच परत आणणारं ते पोरगं मला अजून दिसतं. म्हणून म्हणते, लेकीला नववी सुरू व्हायच्या आत आण, आणि सहावीपासूनची सगळी प्रगतिपत्रकं, शाळेच्या शिक्क्याचं विषयांच्या यादीचं पत्र, लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेत घे.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस, बरं केलंस. कामाला लागलं की तेवढा वेळच राहत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत जरा होतं, नंदीध्वजांचे व्हिडिओ येतात, बघायचे आणि झोपायचं.

त्यापेक्षा वेगळंच एक आहे ते लिहू का नको करत होते. माझी आई जुळे सोलापुरात एकटी असते. तिच्या रात्रीच्या गोळ्यांची वेळ साडेआठ, आणि थंडीत तेव्हा माझ्याकडं सकाळचे बरोब्बर नऊ वाजलेले असतात, म्हणजे ऐन मेड पास, सगळ्यांना औषधं वाटायची वेळ. कार्टवर फोन चालत नाही, आणि चालू पण नये, मध्ये कुणी बोललं की चूक तिथंच होते. मी कुणाच्या तरी आईला पाण्याचा घोट देत उभी असते, तिनं गिळलं का ते बघते, आणि माझी आई "आज बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करते. मला कळतं चार दिवसांनी. भाऊ म्हणतो तू तिथनं काळजी करून काय होणार. बरोबर आहे त्याचं. पण ज्या गोष्टीचा मला पगार मिळतो तीच मी तिच्यासाठी करू शकत नाही, ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि "या या, इकडं फार छान आहे" असं तुला लिहायला हात धजत नाही तो ह्याच्यामुळं. येऊ नकोस असंही म्हणत नाहीये.

तुझ्या सासूबाईंना शुगर आहे असं लिहिलंयस. निघायच्या आधी गल्लीतली एखादी विश्वासाची बाई बघ, पैसे देऊन ठेव, रोज रात्री दोन मिनिटं येऊन समोर गोळी घ्यायला लावणारी. आठवड्याच्या कप्प्यांची डबी आण, रविवारी ती भरायची, आणि भरलेल्या डबीचा फोटो तुला पाठवायचा. आईसाठी मी हे आत्ता दिवाळीपासून सुरू केलंय, आधीच करायला हवं होतं. व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तारीख आली की कळव, आणि लेकीच्या प्रगतिपत्रकांचे फोटो आधी मला टाक, काय कमी पडतंय ते बघून सांगते.