बेसाल्टचं वय पालींच्या झाडाला लावू नका

चाळकेवाडीच्या पठारावरच्या पालींचा वंशवृक्ष तुम्ही डीएनएवरून उभा केलाय, आणि विचारताय की साताऱ्याकडे पालीचा जीवाश्म नाही, तर झाडाला वर्षांचं माप देण्यासाठी दख्खनच्या बेसाल्टचं ६.६ कोटी वर्षं हे वय मुळाशी लावलं तर चालेल का. नाही चालणार. ते वय लाव्हा थिजल्याचं आहे. तुमच्या पालींच्या शाखा त्याआधीच दुसरीकडे फुटून मागाहून इथे आल्या असतील, नाहीतर कितीतरी नंतर इथेच फुटल्या असतील. खडकावरून यातलं काहीच कळत नाही.

जीवाश्माकडूनही फार मागू नका. एखाद्या ताम्रपटात गावाचं नाव पहिल्यांदा आलं, म्हणून गाव त्याच साली वसलं असं आपण म्हणत नाही. तोवर वसलेलं होतं, एवढंच म्हणतो. जीवाश्मही किमान वयच देतो. म्हणून प्रायर (डीएनए बघण्याआधी वयाबद्दल धरलेला अंदाज) देताना खालची हद्द पक्की ठेवा आणि वरच्या, म्हणजे जास्त वयाच्या बाजूला शेपूट लांब सोडा.

पण आकड्यापेक्षा घात होतो तो फाटा, म्हणजे दोन शाखा वेगळ्या होण्याची जागा, चुकल्याने. न्यूझीलंडचा वायमानू हा पेंग्विन बघा, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे पेंग्विनांची वाट तोवर अल्बट्रॉसच्या कुळापासून वेगळी झालेली होती. मात्र आजचे सगळे पेंग्विन ज्या एका पूर्वजाचे, त्याच्या आधीच निघालेल्या फांदीवरचा हा पक्षी. त्यामुळे तो पेंग्विन आणि त्यांचे भाऊबंद यांच्यामधल्या फाट्यावर बसतो. तोच एक पायरी आत, आजच्या पेंग्विनांच्या मुळावर बसवला, की अख्खं झाड विनाकारण म्हातारं होतं. बेडकांवर काम करताना माझ्या हातून नेमकं हेच झालं आणि सगळे रन (संगणकावरची आकडेमोड) पुन्हा करावे लागले. त्या दिवसापासून जीवाश्माच्या मूळ वर्णनातली लक्षणं वाचल्याशिवाय मी तो झाडावर ठेवत नाही.

तुमचं झाड आधी रुंद करा. जेनबँक या खुल्या संग्रहातून लांबच्या पालींचे डीएनए सिक्वेन्स घ्या, म्हणजे जीवाश्म बसवायला फाटे मिळतील. बाल्टिक अंबरमध्ये (झाडाच्या जीवाश्म झालेल्या डिंकात) अडकलेली, इओसीन या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळातली यांतारोगेको ही पाल आहे. तिच्या शरीराचा पुढचा भाग आणि बोटांखालच्या पट्ट्यासुद्धा टिकल्या आहेत. ती कुठे बसते ते त्या लक्षणांवरून ठरवा. दुसऱ्याच्या शोधनिबंधातली तारीख उसनी घ्यायचीच झाली, तर नुसती सरासरी उचलू नका, तिची खालची-वरची पूर्ण मर्यादा घ्या. नाहीतर त्यांची अनिश्चितता तुमच्या झाडात खात्री होऊन बसते.

आणि बीस्टमध्ये (झाडाची वयं काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एक रन सिक्वेन्सशिवाय, फक्त प्रायरवर लावा. दोन-तीन कॅलिब्रेशन, म्हणजे फाट्यांना लावलेली वयं, एकत्र आली की एकमेकांना ढकलतात, आणि तुम्ही दिलेला प्रायर प्रत्यक्षात वेगळाच निघतो. या रनमधली आणि खऱ्या रनमधली वयं जवळजवळ सारखीच आली, तर तुमच्या डीएनएने वयात काहीच भर घातलेली नाही. दोन्ही रनचे आलेख ट्रेसरमध्ये (बीस्टचे निकाल दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) शेजारी ठेवून इथे टाका, फाट्याफाट्याने बघू.