तिथे दुखत नाही म्हणते

टाइप वन मधुमेह असलेल्या तुमच्या लेकीबद्दलच्या चार पानी पत्रात सात प्रश्न आहेत. उत्तर मात्र मी आधी अशा गोष्टीचं देणार आहे, जी तुम्ही विचारलेलीच नाही.

तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता, तुम्ही लिहिता : "साडेपाच वर्षांची आहे, पण आता सुईला रडत नाही. बेंबीच्या डावीकडेच दे म्हणते, तिथे दुखत नाही म्हणते. तेवढंच एक सुख." आणि पहिल्या पानावर आहे : "तेच खाणं, तोच डोस, तरी जेवणानंतर शुगर ३४० आणि रात्री दोन वाजता ५५. मी कार्ब (खाण्यातली कर्बोदकं) मोजण्यात चुकते का? यावरून आमच्या दोघांत रोज वाद होतो."

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा. मोजण्यात तुम्ही फारशा चुकत नसाल. तुमचं इन्सुलिन गाठीत जात असावं.

आज आंघोळीच्या वेळी तिचं पोट चाचपा. हाताला साबण लावा, म्हणजे बोटं सरकतात आणि बारीक फरक कळतो. सुरुवात उजवीकडून करा, म्हणजे चांगली कातडी हाताला कशी लागते ते आधी समजेल. मग बोटांची टोकं हलकी दाबत डावीकडे या. मध्येच रबरासारखं, थोडं घट्ट काही लागलं तर थांबा आणि तिथली कातडी चिमटीत धरून बघा. निरोगी कातडीची घडी पातळ येते, गाठीवरची जाड येते किंवा धरताच येत नाही. शेवटी दिवा बाजूने धरा, उंचवट्याची सावली पडते. पण नुसतं बघून "काही नाही" म्हणू नका. कित्येक गाठी दिसत नाहीत, फक्त हाताला लागतात. सापडली तर पेनाने तिच्या कडेने गोल काढा, म्हणजे घरात दुसरं कुणी इंजेक्शन देणार असेल त्यालाही कळेल. माझ्या भाच्यालाही हाच आजार आहे, आणि बहिणीच्या घरी रविवारच्या आंघोळीला हा नेमच आहे.

गाठ का होते? इन्सुलिनने चरबीच्या पेशी वाढतात. एकाच जागी रोज सुई आणि रोज औषध गेलं की तिथली चरबी फुगते, आणि तीच सुई पुन्हा वापरली तर आणखीच. दिवसाला चार इंजेक्शनं धरली तरी वर्षाला १,४६० होतात. दोन वर्षांत जवळजवळ तीन हजार सुया, त्याही तिच्या तळहाताएवढ्या जागेत. गाठीतली संवेदना कमी होते, म्हणून तिथे दुखत नाही. ज्याला तुम्ही सुख म्हणता ती खरं तर धोक्याची खूण आहे.

आता ते ३४० आणि ५५ बघा. गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. कधी अर्धवट जातं, कधी तासभर उशिरा, आणि त्याचा काही नेम नसतो. जेवणाची शुगर वर चढते तेव्हा औषध अजून गाठीतच असतं. तुम्ही घाबरून करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस, देता, तोही त्याच गाठीत. मग रात्री पहिलं आणि दुसरं मिळून एकदम उतरतं आणि अंगावरचा शुगर मोजणारा सेन्सर वाजतो. तुम्ही वहीत ग्रॅम लिहिता, युनिट लिहिता, वेळ लिहिता, पण जागेचा रकानाच नाही. हे मात्र तुम्हाला रागावून सांगायला हवं. दर तीन महिन्यांच्या भेटीत तिच्या पोटाला कुणी हात लावला का? नसेल, तर "जरा चाचपून बघा" असं तुम्ही म्हणायला हवं होतं. परक्या देशात डॉक्टरांना सुचवायला आपण संकोचतो, हे मला कळतं. पण हा संकोच लेकीला महाग पडतो.

गाठ सापडली तर लगेच उद्या सकाळी त्याच डोसची सुई चांगल्या जागी देऊ नका. चांगल्या कातडीतून औषध पूर्ण आणि वेळेवर जातं, त्यामुळे तोच डोस जास्त होतो आणि शुगर कोसळते. अशा वेळी डोस बऱ्याचदा वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त कमी करावा लागतो. किती ते तुमच्या डायबेटिस टीमने सांगायचं. म्हणून आधी फोन करा आणि नेमकं सांगा : गाठ कुठे आहे, केवढी आहे, रोजचे किती डोस तिथे जात होते. सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा, शाळेच्या दिवशी नको. सेन्सरचा खालचा अलार्म काही दिवस ८०वर (मिलिमोलमध्ये ४.४) ठेवा, आणि पहिल्या रात्री दोन-तीनच्या सुमाराला उठून स्वतः बघा.

जागांची आखणी अशी करा. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटाचे चार भाग. दोन्ही मांड्यांचा वरचा, बाहेरचा भाग. दोन्ही कुल्ल्यांचा वरचा, बाहेरचा भाग. एवढ्या लहान मुलीच्या दंडावर चरबी कमी असते, ते सोडा. आठवड्याला एक भाग घ्या आणि त्यातही प्रत्येक सुई आधीच्या सुईपासून निदान एक सेंटिमीटर लांब. लगेच पळायला जाणार असेल तर मांडी नको, चालणाऱ्या स्नायूवर औषध लवकर शोषलं जातं. गाठीला पूर्ण सुट्टी. ती विरायला काही महिने लागू शकतात, आणि बरी वाटली म्हणून मध्येच तिथे परत जायचं नाही. सेन्सरही त्या जागेवर नको.

सुई ४ मिलिमीटरची, प्रत्येक वेळी नवी. कातडीची हलकी घडी उचलून सुई सरळ आत घाला, तिरकी नको. बटण पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत सावकाश मोजा आणि मगच बाहेर काढा. लवकर काढली की टोकावर थेंब राहतो. मोठ्या माणसाला त्या थेंबाने फरक पडत नाही, पण जिचा डोसच दीड युनिट आहे तिच्यासाठी त्यातलं अर्धं युनिट म्हणजे तिसरा हिस्सा. वापरात असलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवू नका. थंड औषध झोंबतं, आणि उघडलेलं पेन बाहेर साधारण चार आठवडे टिकतं. पेनासोबतचा कागद त्यासाठी एकदा वाचाच.

नव्या जागेला ती रडेल, आणि तिथेच तुम्ही दोघं डगमगाल. "दुखणार नाही" असं खोटं सांगू नका. "थोडं टोचेल, मग दहा मोजू" म्हणा आणि मोजायचं काम तिला द्या. मुलं भराभर मोजतात, म्हणून तुम्ही बरोबर मोजा. "उजवा कुल्ला की डावा?" हे तिला विचारा. "इंजेक्शन देऊ का?" हे विचारायचंच नाही. त्या जागेवर बर्फ काही सेकंद टेकवला तर सोपं जातं. आमच्या भाच्याच्या वहीत जागेचा रकाना आला, तेव्हाच त्याच्या घरच्यांना आकड्यांचा अर्थ लागायला लागला. तुम्हीही आजच आखा.

आता बाकीचं भराभर सांगते.

पंप घ्यावा का? घ्या, जमत असेल तर. पण गाठीत पंपाचा कॅन्युला (कातडीखाली औषध सोडणारी बारीक नळी) घातला तरी हीच गत होते. सेट दर दोन-तीन दिवसांनी नव्या जागी लावायचा.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर चूर्णाचा आग्रह धरतात. त्यांची माया खरी आहे, उत्तर मात्र 'नाही' हेच. टाइप वनमध्ये शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. जानेवारी १९२२मध्ये टोरोंटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी असं मूल जगवणारं औषध जगात कुठेच नव्हतं. सासूबाईंना हेच शांतपणे सांगायचं, आणि ते नवऱ्याने सांगावं, तुम्ही नको. सेन्सरवर ५.२ बघून त्या घाबरतात, तर तो आकडा मिलिमोलमधला आहे, १८ने गुणला की त्यांच्या ओळखीच्या मिलिग्रॅममध्ये ९४ येतात, हेही त्यांना लिहून पाठवा.

शाळेसाठी एकच गोष्ट, कारण ती फक्त आपल्या मुलांची अडचण आहे. लो झाल्यावर, म्हणजे शुगर फार उतरल्यावर, ती घरी "पाय पातळ झालेत" म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. बाईंना ते कसं कळणार? तिच्याच शब्दांचा तिथल्या भाषेतला अर्थ कागदावर लिहून द्या, आणि तिलाही त्या भाषेतलं एक वाक्य पाठ करून घ्या. ७०च्या खाली गेली तर किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तुमच्या अठरा किलोच्या लेकीला पाच-साडेपाच ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ग्लुकागॉन (शुगर झटकन वर आणणारं आपत्कालीन औषध) द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.

शुगर २५०च्या वर अडून राहिली किंवा उलट्या सुरू झाल्या तर रक्तातले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की वाढणारी आम्लं) तपासा. १.५च्या वर टीमला फोन, ३च्या वर थेट हॉस्पिटल.

आणि डिसेंबरात भारतात जाताय, म्हणून हे सांगते. तिथे इन्सुलिनच्या बाटल्या अजूनही मिलिलिटरला ४० युनिट ताकदीच्या मिळतात. तुमचं पेन १०० युनिटचं. ४०ची बाटली १००च्या सिरिंजने भरली तर औषध अडीचपट कमी जातं, आणि १००ची बाटली ४०च्या सिरिंजने भरली तर अडीचपट जास्त. म्हणून लागतील त्याच्या दुप्पट पेनं इथूनच न्या, हातातल्या पिशवीत. विमानाच्या पोटातल्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं पुन्हा पातळ झालं तरी टाकूनच द्यायचं.