बाजारव्यवस्था आली की लोकशाही आपोआप येते का?

आपोआप येत नाही. चिलीत 1973 साली लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि त्यानंतरच्या हुकूमशाहीतच किमतींवरची नियंत्रणं उठली, सरकारी उद्योग विकले गेले. चीनने 1978 नंतर बाजाराला वाट करून दिली, सत्ता मात्र एकाच पक्षाच्या मुठीत ठेवली. दक्षिण कोरियाचा दाखला लोक हमखास देतात: आधी उद्योग वाढले, मग लोकशाही आली. पण राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मिळवली ती जून 1987 मध्ये रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांनी आणि नोकरदारांनी. बडी उद्योगघराणी तोवर सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

तुमचा प्रश्न उलटा करून पाहा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाजाराशिवाय लोकशाही टिकेल का? माझं उत्तर ठामपणे नाही असं आहे. नोकरी, घर, छापखाना, कागद सगळं सरकारचंच असेल, तर सरकारविरुद्ध बोलणाऱ्याने पोट कशावर भरायचं? सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडमध्ये 1964 साली एका कवीवर ‘आयतोबा’ असल्याचा खटला चालला. कविता आणि भाषांतरं हे त्याचं काम कोर्टाने धरलंच नाही, आणि त्याला पाच वर्षांची हद्दपारी झाली. काम कशाला म्हणायचं हेही सरकारच ठरवत होतं.

यावर कुणी म्हणेल, भारतात 1991 पर्यंत परवाना राज होतं, उद्योग काढायला सरकारी परवाना लागायचा, तरी लोकशाही टिकलीच की. टिकली, कारण शेती, किरकोळ व्यापार आणि वर्तमानपत्रं बहुतांशी खासगी हातात होती. जिथे सरकारचा हात पोचला तिथे काय झालं तेही बघा. वृत्तपत्रांच्या कागदाचा कोटा सरकार ठरवायचं, आणि 1972 च्या धोरणात पानांवर दहाची मर्यादा आली. बेनेट कोलमन या वृत्तपत्र कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, म्हणून निभावलं.

पण मालक खासगी असला म्हणजे धोका टळला असं मुळीच नाही. रशियात 1995 साली सरकारने मोजक्या बँकांकडून कर्ज घेतलं आणि तेल व धातू कंपन्यांचे शेअर तारण ठेवले. कर्ज फिटलं नाही, त्या कंपन्या कवडीमोलाने त्या बँकवाल्यांकडे गेल्या, आणि 1996 च्या निवडणुकीत हीच मंडळी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या पाठीशी पैसा घेऊन उभी राहिली. बाजार होता, मतदानही होतं, पण दोन्हीच्या किल्ल्या त्याच चार-दोघांकडे.

अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायदा 1890 चा. स्टँडर्ड ऑइलचे 34 तुकडे व्हायला मात्र 1911 उजाडलं. बाजारात स्पर्धा शिल्लक राहावी म्हणून राज्यसंस्थेला एवढी वर्षं झगडावं लागलं. त्याच देशात 2010 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कंपन्या निवडणूक प्रचारावर स्वतंत्रपणे वाटेल तेवढा पैसा ओतू शकतात. सरकारी नियंत्रणापेक्षा आज मला याची काळजी जास्त वाटते.