वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स

प्रश्न : नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो न्यायला २०१३ची बोलेरो पिकअप बघतोय. माळशेजनं जाणं-येणं असतं. मालक म्हणतो, 'गिअरबॉक्सला अजून पाना लागलेला नाही.' हे खरं की खोटं कसं ओळखायचं? आणि ट्रायल घेताना नेमकं काय बघायचं?
एक शेतकरी, नारायणगाव

उत्तर : मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.' पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर उद्या येतो म्हणायचं आणि निघायचं. कारण आहे. खराब बेअरिंगचा आवाज दाबायला गिअरबॉक्समध्ये जाडं तेल, बऱ्याचदा हौजिंगचं (मागच्या एक्सलचं) १४० नंबरचं, भरून गाडी विकायला काढतात. आवाज कमी होतो खरा, पण सकाळच्या गारव्यात लिव्हर चिखलात रुतल्यासारखा जड जातो. ही चलाखी गाडी थंड असतानाच पकडता येते. उलट बेअरिंगचा आवाज तेल पातळ झालं की वाढतो, म्हणून १०-१५ किलोमीटर चालवून आल्यावर सगळी तपासणी पुन्हा करायची.

पाना लागला का, ते गाडीखाली शिरूनच कळेल. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगच्या बोल्टवर पान्याच्या खुणा दिसल्या तर घाबरू नका. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि एवढ्या वर्षांत ती बदललेली असणारच. बघायचे ते गिअरबॉक्सचे स्वतःचे जोड : वरचं कव्हर आणि मागचं हाउसिंग. तिथे फटीतून नवं सिलिकॉन बाहेर आलेलं असेल, बोल्टची डोकी चकचकीत असतील, तर बॉक्स उघडलेला आहे. उघडलेला असणं हा दोष नाही, लपवणं हा आहे. बेअरिंग, ब्रास रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी कडी) टाकल्याचं बिल दाखवत असेल तर तो बॉक्स कधीही न उघडलेल्यापेक्षा आम्ही पसंत करू. दुसऱ्या गाडीचा बॉक्स बसवलाय का, हे आरसी बुकावरून कळत नाही. तिथे चासी आणि इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो.

आता ऐकायचं काम. गाडी चालू करा, न्यूट्रलमध्ये ठेवा, क्लचवरून पाय काढा. घरघर येत असेल आणि क्लच दाबला की थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या आतली बेअरिंग गेलीत : इनपुट शाफ्टची (इंजिनाकडून जोर आत आणणाऱ्या दांड्याची) किंवा ले शाफ्टची (तो जोर गिअरांकडे नेणाऱ्या खालच्या दांड्याची). उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर तो रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबलं की क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा). त्यासाठीही बॉक्स उतरवावा लागतो, पण उघडावा लागत नाही, म्हणजे खर्च बराच कमी. मग क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही कर्रर्र झालं तर क्लच नीट सुटत नाही. दोष गिअरचा नाही.

रस्त्यावर पहिली परीक्षा दुसऱ्या गिअरची. साधारण ३० किलोमीटरच्या वेगाला तिसऱ्यातून दुसऱ्यात आणा. लोड घेऊन चालणाऱ्या गाडीत सर्वांत आधी झिजते ती दुसऱ्याची ब्रास रिंग. थंड असताना एखाद-दोन वेळा लिव्हर जड गेला तर चालेल, खरखर चालणार नाही. यानंतरची खूण बरेच मेकॅनिकही वापरत नाहीत. या बॉक्सला चौथा गिअर थेट असतो : इंजिनाचा जोर ले शाफ्टवरून न जाता सरळ मागे जातो. म्हणून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्यात हुंकार येत असेल आणि चौथ्यात गाडी गप्प होत असेल, तर ले शाफ्टची बेअरिंग किंवा तिच्यावरचे दात गेले समजा. चौथ्यातही आवाज तसाच राहिला आणि उतारावर न्यूट्रल करूनही वेगाबरोबर वाढत-कमी होत असेल, तर गिअरबॉक्स सोडा; प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग, मागचं हौजिंग आणि चाकांची बेअरिंग बघा. न्यूट्रलची ही चाचणी मोकळ्या, बारीक उतारावर क्षणभरच घ्यायची, घाटात नाही.

माळशेज उतरायचा असेल तर गिअर सुटतो का, हे बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबा, एकदम सोडा, पुन्हा दाबा. लिव्हरवर हात ठेवायचा नाही, फक्त बघायचं. लिव्हर न्यूट्रलला उडाला तर भरल्या गाडीत उतारावर इंजिनाचा ब्रेक एकदम जातो. कारण मात्र दरवेळी महागडं नसतं. फाटलेलं माउंटिंग रबर असू शकतं, दणक्याने लॉक बॉलची (गिअर जागी धरणाऱ्या गोळीची) स्प्रिंग बसलेली असू शकते. पण झिजलेले दात किंवा वाकलेला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) असेल तर बॉक्स पूर्ण खोलावा लागतो. आधी माउंटिंग बघा, मग भाव पाडा.

शेवटी तेल. बॉक्सच्या कुशीतला लेव्हल प्लग खोला आणि करंगळी घाला. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल लागलं पाहिजे. मालक तयार असेल तर खालच्या नटातून चहाच्या कपाएवढं तेल पांढऱ्या भांड्यात काढा आणि तेवढंच पुन्हा भरा. राखाडी मलमासारखा गाळ नेहमीचा असतो. पिवळी चमकदार कणी म्हणजे ब्रास रिंग झिजतेय. नखाला टोचेल असा लोखंडी कपचा दिसला, तर दुसरी गाडी शोधा.

प्रश्न : टाटा २०७ डीआय घेतोय. गिअरबॉक्सच्या पट्टीवर 'जीबीएस ७६-५/४.१०' असं आहे. याचा अर्थ काय?
एक वाचक, लातूर

उत्तर : जीबीएस ७६ हे मॉडेल, ५ म्हणजे पुढचे पाच गिअर, आणि ४.१० हे पहिल्या गिअरचं गुणोत्तर : इंजिन ४.१० फेरे फिरलं की बॉक्समधून बाहेर एक फेरा येतो. २०७ मध्ये हाच असायला हवा. पट्टीच निघालेली असेल तर बॉक्स बदलल्याचा संशय घ्या. मग स्पीडोमीटरचा काटा मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. त्याची केबल गिअरबॉक्सच्या शेपटातून निघते. वेगात मोठा फरक असेल तर बॉक्स, हौजिंग किंवा टायर मूळ मापाचे नाहीत, आणि किलोमीटरच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका.

प्रश्न : फोर बाय फोर बोलेरो कॅम्पर बघितली. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळवली की स्टिअरिंग जड होतं, गाडी अडल्यासारखी होते. ट्रान्स्फर केस (पुढच्या चाकांनाही जोर देणारा बॉक्स) गेलाय का?
एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : नाही. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफ्रन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) नसतं, म्हणून वळणावर ताण येणारच. परीक्षा मातीत किंवा ओल्या गवतावर घ्या. लो-रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) गाडी उभी करूनच टाका.

प्रश्न : डॅलसजवळ राहतो. ट्रेलर ओढायला २००६ची शेवरोले सिल्वरॅडो १५०० घ्यायची आहे, इंजिन ५.३, ऑटोमॅटिक. आत कोणतं ट्रान्समिशन आहे ते कसं कळेल?
एक वाचक, टेक्सस

उत्तर : ग्लोव्हबॉक्स उघडा. आत तीन-तीन अक्षरांच्या कोडांनी भरलेलं लेबल असतं. 'एम३०' दिसलं तर ४एल६०-ई. 'एमटी१' म्हणजे ४एल८०-ई, जे २५०० एचडीसारख्या जड गाड्यांत येतं. लेबल फाटलेलं असेल तर खालून तेलाच्या पॅनचे बोल्ट मोजा : ६०-ईला १६, ८०-ईला १७. तुमच्या गाडीत बहुधा एम३०च निघेल.

४एल६०-ईची दुखणी ठरलेली आहेत. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम गेले तर आतली सन शेल (गिअरांना जोर देणारा पत्र्याचा भाग) तुटलीय. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मोकळं फिरल्यासारखं ओरडलं तर ३-४ क्लचपॅक (तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेटांचा संच) जळलंय. जड ट्रेलर ओव्हरड्राइव्हमध्ये (चौथ्या गिअरमध्ये) ओढला की हेच होतं. इथेही गाडी थंडच बघा : 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर दोन सेकंदांहून जास्त उशीर लागला तर नको. तेल मात्र गरम झाल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू आणि 'पी'मध्ये ठेवून डिपस्टिकने बघायचं. लाल हवं. तपकिरी आणि करपट वासाचं म्हणजे क्लच जळलेत. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं, तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. मग तेल बदलून भागत नाही, क्लचच्या अस्तरांचा चिकटाही सुटतो.