वाचकांचे प्रश्न : सेन्सर नवा, दिवा तोच

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’चा दिवा दोन महिन्यांपूर्वी पेटला. स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड, म्हणजे मिश्रण ‘लीन’ असल्याची नोंद आली. ऑक्सिजन सेन्सर गेला असे सांगून मेकॅनिकने तो बदलला, पण आठवड्याभरात दिवा पुन्हा पेटला. ॲव्हरेज घसरले आहे, सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतो आणि स्पार्क प्लग काजळीने काळे झालेले दिसले. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर ती थांबते. नवा सेन्सरही सदोष निघाला असेल का?

उत्तर : तशी शक्यता फारच कमी आहे. आपल्या पत्रातच एक विसंगती आहे आणि तपासाची सुरुवात तिथूनच करायला हवी. कोड सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. प्लगवरची काजळी आणि पेट्रोलचा वास सांगतात की ते जास्त होते आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. जुना आणि नवा असे दोन सेन्सर एकच गोष्ट सांगत असतील, तर त्यांच्यासमोर येणारी हवाच फसवी आहे असे मी मानतो.

हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. धुरात उरलेल्या ऑक्सिजनची तो बाहेरच्या हवेशी तुलना करतो. झिर्कोनिया या सिरॅमिकच्या साध्या सेन्सरमधून, धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट आणि भरपूर असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास विद्युतदाब मिळतो. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण ०.४५ व्होल्टच्या आसपास येते आणि इंजिनचा संगणक त्याच्या दोन्ही बाजूंना सतत झोके घेत मिश्रण सांभाळतो. आता मॅनिफोल्ड (सिलिंडरांमधला धूर एकत्र आणणारा नळ) आणि सेन्सर यांच्यामध्ये सांध्यातले गॅस्केट फुटले असेल किंवा पाइपला चीर गेली असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांमधल्या क्षणी तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन प्रामाणिकपणे मोजतो, संगणक त्याचा अर्थ ‘पेट्रोल कमी’ असा लावतो आणि ते वाढवत राहतो. प्लग काळे होतात, ॲव्हरेज पडते आणि कोड मात्र ‘लीन’चाच येतो. सकाळची टिकटिकही याच्याशी जुळते, कारण धातू तापून प्रसरण पावला की बारीक फट बुजते.

खात्री करण्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूने हवा सोडावी आणि मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंतच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडावे. गळतीच्या जागी बुडबुडे येतात. बहुधा तिथे काजळीचा काळा ओघळही असतो, तो आधी डोळ्यांनी शोधावा. सांधे कोरडे निघाले तर मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे, तपासावा, कारण न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजनही तसाच बाहेर पडतो आणि पेट्रोलचा वास असूनही सेन्सर ‘लीन’ म्हणतो.

सेन्सर शाबूत आहे की नाही, हे न बदलताही कळते. गाडी उघड्यावर ठेवून इंजिन पूर्ण तापू द्यावे, कारण सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या खाली सेन्सर विश्वासार्ह विद्युतदाब देत नाही. मग स्कॅनरवर किंवा चांगल्या डिजिटल मल्टिमीटरवर त्याचे व्होल्टेज पाहत न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडावा. दाबताच आकडा ०.८ च्या वर आणि सोडल्यावर ०.२ च्या खाली चटकन गेला, तर सेन्सर जिवंत आहे. तो आळसावत चढला, ०.४५ पाशी अडकून राहिला किंवा हललाच नाही, तर मात्र सेन्सर किंवा त्याची तार संशयास्पद ठरते. सिग्नलच्या तारेवर ओहम मोजायला जाऊ नये. मीटरचाच प्रवाह सेन्सर बिघडवू शकतो. ही चाचणी साध्या सेन्सरसाठी आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा, म्हणजे मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा असतो आणि तो मल्टिमीटरने असा तपासता येत नाही.

कोड वाचतानाही फरक करावा. पी ०१३५ हा सेन्सरला लवकर तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटबद्दल, पी ०१३३ हा त्याच्या मंदपणाबद्दल बोलतो, तर पी ०१७१ हा सेन्सरने दिलेली बातमी आहे. बातमी आवडली नाही म्हणून निरोप्याला बदलण्याचा प्रकार आपल्याकडे झाला, असे मला वाटते. पहिल्या दोन कोडांतही आधी फ्यूज, जोडणी आणि वितळलेली तार पाहावी. हीटरच्या दोन तारांमध्ये थंड स्थितीत काही ओहमच रोध यायला हवा, मीटरने अनंत दाखवले तर हीटर तुटला आहे.

प्रश्न : जुना सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून किंवा ज्योतीवर धरून साफ करता येतो का?

उत्तर : तसे करू नये. साधी काजळी इंजिन व्यवस्थित चालू लागले की तापमानानेच जळून जाते. जी जात नाही ती घासून वा बुडवूनही जात नाही. टोकावर पांढरी भुकटी दिसली, तर सिलिकॉनचा सीलंट किंवा ज्वलनकक्षात शिरणारे कूलंट असा संशय घ्यावा आणि मूळ कारण दूर केल्याशिवाय नवा सेन्सर बसवू नये, नाहीतर त्याचीही तीच गत होते. बसवताना आटे सोडून टोकाला ग्रीस लागू देऊ नये आणि कनेक्टरमध्येही ते भरू नये, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आवरणातूनच घेतात.