डिझेल एसयूव्हीचा चेक इंजिन लाइट लागलाय, डीपीएफ बदलायला सांगतायत. बदलू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: 62,000 किलोमीटर झालेली डिझेल लक्झरी एसयूव्ही, रोजची फेरी ठाण्यातच पातलीपाडा ते वागळे इस्टेट, पिवळा चेक इंजिन लाइट, स्कॅनमध्ये पी2463 हा कोड आणि हातात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा एक्झॉस्टमधला फिल्टर) बदलायचं पावणेतीन लाखांचं एस्टिमेट. त्यावर अजून सही करू नका. दोन वर्षांपूर्वी हाच कोड आणि जवळपास एवढाच आकडा माझ्यासमोर होता. तो फिल्टर आजही माझ्या गाडीत आहे.

पी2463 म्हणजे फिल्टरमध्ये काजळी फार साठली आहे असा ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, अंदाज. अंदाजच, कारण फिल्टरच्या आत बघायची सोय कुठल्याच गाडीत नसते. फिल्टरच्या अलीकडून आणि पलीकडून निघालेल्या नळ्या एका लहानशा प्रेशर सेन्सरला जोडलेल्या असतात. दोन्हीकडच्या दाबातला फरक आणि गाडी कशी चालली याचा हिशेब, यावरून काजळी किती ते ठरतं. त्यामुळे फिल्टर खरंच भरलेला असेल, सेन्सर चुकीचं दाखवत असेल, नळी चिरलेली असेल किंवा काजळी जाळायचं काम, म्हणजे रीजनरेशन, दुसऱ्याच बिघाडामुळे अडलं असेल. नुसत्या कोडवरून यातलं काय झालंय ते कळत नाही.

माझ्या वेळी वागळे इस्टेटमधल्या एका मेकॅनिकने पहिल्यांदा काय केलं ते सांगतो, कारण ही तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन थंड, इग्निशन ऑन, पण गाडी स्टार्ट केलेली नाही. इंजिनच बंद म्हटल्यावर दाबात फरक येणार कुठून? आकडा शून्याच्या आसपास हवा. स्कॅनरवर 41 मिलिबार दिसत होते. त्याने सेन्सरच्या दोन्ही नळ्या उपसून काढल्या, म्हणजे आता सेन्सरचा फिल्टरशी संबंधच उरला नाही. तरी 41. स्कॅनर माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "साहेब, बघा, फिल्टर बिचारा काही बोलतच नाहीये." नवा सेन्सर आणि मजुरी मिळून चौदा हजार गेले. सेन्सर बसवल्यावर त्याचं शून्य ईसीयूला स्कॅनरवरून शिकवावं लागतं. ते झालं, मग गॅरेजमध्येच उभ्या गाडीत रीजनरेशन मारलं आणि लाइट गेला तो परत लागलेला नाही.

तुम्ही हीच तपासणी समोर उभं राहून करून मागा. त्याआधी कोड उडवू देऊ नका, बॅटरीची तारही काढू देऊ नका. लाइट लागला त्या क्षणाची नोंद ईसीयूत राहते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वेग, इंजिनचं तापमान, आरपीएम असं बरंच त्यात असतं. कोड उडवला की ती जाते. तिचा फोटो काढून ठेवा. सोबत दुसरे कोड आहेत का तेही बघा. पी2453 असेल तर संशय सरळ प्रेशर सेन्सर आणि त्याच्या नळ्यांवर जातो. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनमध्ये फिरवणारी यंत्रणा), ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला तापणारा प्लग) किंवा एक्झॉस्टच्या टेम्परेचर सेन्सरचा कोड असेल तर आधी तो मिटवा. असे बिघाड असताना बऱ्याच गाड्या रीजनरेशन सुरूच करत नाहीत.

आता तुमच्या रोजच्या रस्त्याबद्दल. काजळी जळायला फिल्टरमध्ये सुमारे 600 अंश सेल्सिअस लागतात. मानपाडा, कापूरबावडीच्या रांगेत सरकणाऱ्या गाडीत ते टिकत नाहीत. गाडी रीजनरेशन सुरू करते, आपण ऑफिसला पोहोचून बंद करतो, आणि काम अर्धंच राहतं. आमचा वॉचमन मला कितीदा सांगायचा, "साहेब, गाडी बंद केली तरी पंखा ओरडतोय." अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनची ती खूण होती, मला ते माहीत नव्हतं. आयडलचा आरपीएम नेहमीपेक्षा वर, स्टार्ट-स्टॉप बंद, तापलेल्या लोखंडाचा वास, असं काही जाणवलं तर दहा-पंधरा मिनिटं गाडी बंद करू नका, मोकळ्या रस्त्याला काढा.

ऑइलची पातळी मात्र आजच बघा. रीजनरेशनसाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं. ते वारंवार अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. लोक कमी ऑइलला घाबरतात, इथे जास्त ऑइल धोक्याचं आहे. पातळी वर गेली असेल तर आधी ऑइल बदला, तेही डब्यावर सी3 (डीपीएफच्या गाड्यांसाठीचा, कमी राखेच्या ऑइलचा दर्जा) किंवा तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तो सी दर्जा बघूनच. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि राख काही केल्या जळत नाही. फिल्टर राखेनेच भरला असेल तर साफ करून घेणं किंवा बदलणं हाच उपाय, पण 62,000 ला ते सहसा होत नाही.

सगळं ठीक निघालं, पिकअपही पडलेला नसेल, तर रविवारी पहाटे भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्गावर चढा आणि इगतपुरीपर्यंत एका लयीत जाऊन या. एका बाजूचे 76 किलोमीटर मिळतात. टाकीत डिझेल पाव भागाच्या वर ठेवा, इंधन कमी असताना कित्येक गाड्या रीजनरेशन टाळतात. पिकअप पडला असेल, लाइट लुकलुकत असेल किंवा डीपीएफचा वेगळा इशारा येत असेल, तर हायवेला नेऊ नका. तेव्हा गॅरेजमध्ये स्कॅनर लावूनच करा.

इंजिन बंद असतानाचा आकडा किती आला ते इथे लिहा. पुढे काय करायचं ते त्यावरून सांगतो.