नव्या घरातल्या कचऱ्याबद्दल

प्रिय पोरी,

तुझी यादी वाचली. बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, छापील सुती पिशव्यांचा संच, एकसारख्या काचेच्या बरण्या. नवी जागा, पहिला पगार आणि घरातून कचरा कमी जावा ही तुझी तळमळ, हे सगळं मला मनापासून आवडलं. तरीही सांगते, यातलं एकही अजून मागवू नकोस.

आधी आठवडाभर कचरा नीट वेगळा ठेव. ओला, सुका आणि तिसरा, म्हणजे वापरलेले पॅड, जुन्या गोळ्या, ब्लेड, संपलेले सेल वगैरे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हे वेगळं करणं घरावरच सोपवलं. रविवारी सुका कचरा वर्तमानपत्रावर पसरून बघ. सगळ्यात जास्त काय निघालं? माझा अंदाज आहे, जेवण मागवल्याचे डबे, चिप्स-बिस्किटांची वेष्टनं आणि ओटा पुसलेले कागदी रोल. ब्रश तर तीन महिन्यांतून एकदा फेकला जातो, आणि बांबूच्या ब्रशचे केसही बहुधा नायलॉनचेच असतात. जे रोज निघतं तिथून सुरुवात कर.

पिशव्यांचं आधी संपवते. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, देशभरात २०२२ च्या १ जुलैपासून एकदा वापरून फेकायच्या कितीतरी प्लॅस्टिकच्या वस्तू बंद झाल्या, तरी मंडईत कॅरीबॅग मिळतेच. दुकानदार देतो ती कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवीसुद्धा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच. पण उपाय म्हणून नवी सुती पिशवी विकत घेऊ नकोस. कापूस पिकवायला, विणायला, रंगवायला पाणी आणि इंधन भरपूर लागतं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता. नुसत्या हवामानावरच्या परिणामापुरतं बघितलं तरी साध्या सुती पिशवीचा वापर पन्नासहून जास्त वेळा व्हायला हवा, तेव्हा ती तिथल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. बाकीचे परिणाम धरले तर हा आकडा हजारांत जातो. जुन्या साडीची किंवा चादरीची पिशवी शिवलीस तर त्या कापडाचा खर्च कधीच होऊन गेलेला असतो. आणि ती दारामागच्या खिळ्याला अडकवू नकोस, तिथे ती राहूनच जाते. ऑफिसच्या बॅगेत घडी घालून ठेव. भाजी आपण बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर घेतो.

आता ओटा. मला सर्वांत जास्त सांगायचंय ते फडक्यांबद्दल. स्वयंपाकघरातला कागदी रोल ही अलीकडे शिरलेली सवय आहे, आणि ती काढून टाकणं सगळ्यात सोपं आहे. जुना पंचा, विरलेली सुती साडी, बनियन यांचे हातरुमालाएवढे तुकडे कर, कडांना शिलाई मारून घे. पॉलिएस्टर घेऊ नकोस, ते पाणी शोषत नाही. डझनभर तरी असू देत, कारण फडकं कमी पडलं की हात रोलकडे जातो. ओट्याची वेगळी, हात पुसायची वेगळी, जमिनीची वेगळी. ओळखू यावीत म्हणून कोपऱ्यात वेगवेगळ्या रंगाचा टाका घाल. रोज रात्री धुऊन पसरून वाळव. ओलं फडकं चुरगळून ठेवलं की वास येतो, आणि मग लोक म्हणतात की फडकी अस्वच्छ असतात. आठवड्यातून एकदा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून उन्हात टाकलीस की पुरे.

पोळ्यांना फॉइल लागत नाही. डब्यात खाली-वर सुती फडकं घातलं की वाफ त्यात मुरते आणि पोळी मऊ राहते. उरलेल्या भाजीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणण्यापेक्षा ताटली झाक. भजी निथळायला पातेल्यावर चाळणी ठेव. वर्तमानपत्रावर मात्र काढू नकोस, छपाईची शाई अन्नात उतरते. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच तसं बजावलेलं आहे.

मागवलेल्या जेवणाचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण कचरा तिथूनच येणार आहे. पुण्यात आहेस, तर डबा लाव. घरगुती डबे देणाऱ्या बायका अजून कितीतरी आहेत. रोज स्टीलचा डबा येतो, धुऊन परत जातो, आणि पोटालाही बरं. बाहेरचं खावंसं वाटलं की तिथे जाऊन खा. घरी आणायचंच असेल तर आपला डबा घेऊन जा. ओळखीचा हॉटेलवाला भरून देतो, अनोळखी पहिल्यांदा जरा बघत राहतो. मागवताना काटे-चमचे नकोत असं न विसरता नोंदव.

किराण्यात बघायची गोष्ट म्हणजे वेष्टन कशाचं आहे. चिप्सची किंवा शॅम्पूची पुडी प्लॅस्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवून बनवतात. ते थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते, धुऊन वाळवलीस की किलोवर विकली जाते. फक्त तिचा कोपरा पूर्ण कापू नकोस, थोडा जोडलेला राहू दे. तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाताला लागत नाही, तो गटारात जातो. गहू निवडून गिरणीत डबा नेला की पिठाची पिशवी आपोआप टळते. लाकडी घाण्यावर तेलाला किटली चालते. डाळी-तांदूळ सुटे देणारं दुकान शोध; जुन्या पेठांमध्ये नक्की सापडेल. बरण्यांचं म्हणशील तर लोणच्याच्या, मधाच्या रिकाम्या बरण्या धुऊन वापर. एकसारख्या दिसणार नाहीत, दिसू नयेत.

आता तिसरा डबा. पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं आणि रक्तही, त्यामुळे त्याचा पुनर्वापर होत नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था. तुझ्या दाराशी येणाऱ्या ताई बहुधा याच संस्थेच्या असतील. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही मागणी त्यांच्याच बाजूने आली, कारण उघडं पॅड त्यांच्या हाताला लागतं. आजपासूनच हे कर. याच्या पुढची पायरी म्हणजे मेन्स्ट्रुअल कप किंवा धुवायचे सुती पॅड. वैद्यकीय सिलिकॉनचा कप नीट सांभाळला तर कित्येक वर्षं टिकतो. बारा तासांच्या आत रिकामा करायचा, दर पाळीनंतर उकळायचा. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचार. पहिल्या एक-दोन पाळ्यांत जमत नाही असं वाटतं, तेवढ्यावर सोडू नकोस. आणि खरंच नाही सोसला तर सुती पॅड उत्तम. पण ते उन्हात वाळव, लाजून दुसऱ्या कपड्यांखाली दडवू नकोस.

ओल्या कचऱ्याचं खत हा मोठा विषय आहे, घरच्या कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास तोच असतो. त्यावर वेगळं लिहीन. तोवर तो कोरडा ठेव, पाणी निथळून टाक, आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नकोस. थेट डब्यातून दिलास तरी ताई घेतात, डबा मग विसळायचा.

खोलीतल्या दोघी मैत्रिणींना लगेच हे सगळं शिकवायला जाऊ नकोस. त्यांनी कागदी रोल आणला तर आणू दे, ओट्यावर फडकी मात्र हाताशी असू देत. त्यांच्या कचऱ्यावर तू बोलू लागलीस की त्या तुझ्यापासून लपवून टाकतील, आणि मग काय वेगळं करायचं तेही कळणार नाही.

आईकडे एखादी विरलेली सुती साडी मागून ठेव. माझं शिवणयंत्र रिकामंच आहे. शनिवारी ये, जेवायलाच थांब. पिशव्या आणि फडकी एका बैठकीत होतील. बोहारणीला देण्यासाठी काढलेले कपडे असतील तर तेही आण, आधी त्यातलं सुती वेगळं काढू.

तुझी,
काकू